कोणतीही खिडकी, कोणतीही गाडी

डोंबिवलीकराला लोड बॅलन्सर समजावून सांगायला खरं तर दोन मिनिटं पुरेत. रांगेचा आपल्याइतका अनुभव आणखी कुणाला असणार? तिकिटाला रांग, रिक्षाला रांग, गणपतीत उकडीच्या मोदकांना रांग. तरीही घरी कुणी "तू ऑफिसात नक्की करतोस तरी काय?" असं विचारलं की माझी पंचाईत होते. "बरेच सर्व्हर सांभाळतो, आणि त्यांच्यापुढे एक यंत्रणा असते, ती आलेलं काम वाटून देते," एवढं सांगितलं की आत्याचा प्रश्न ठरलेला असतो, "इतके कशाला लागतात रे? एकच मोठा घ्यावा की!"

प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नावर संगणकवाल्यांची कित्येक वर्षं डोकेफोड चालली आहे. आणि गंमत म्हणजे त्या डोकेफोडीचा एक मोठा अध्याय आपल्या रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर घडला. तो सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी लोकलच्या तिकिटाची खिडकी घेऊ. तुम्ही "एक ठाणे रिटर्न" म्हणता, पैसे देता, तिकीट घेता, निघता. या खिडकीला शेजारच्या खिडकीत काय चाललंय ते विचारावं लागत नाही. किती तिकिटं विकली गेली याच्याशीही तिला कर्तव्य नसतं, कारण लोकल कधी 'भरत' नाही हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे! त्यामुळे गर्दी वाढली तर उपाय सोपा, आणखी दोन खिडक्या उघडा. आमच्या भाषेत याला स्टेटलेस काम म्हणतात. मागचं काहीही लक्षात ठेवायची गरज नसलेलं काम. असं काम कितीही यंत्रांत वाटता येतं.

आरक्षणाची खिडकी मात्र वेगळ्या जातीची. अमुक तारखेच्या अमुक गाडीतला एक बर्थ एकदाच विकता येतो. दोन खिडक्यांनी तोच बर्थ दोघांना दिला, तर रात्री अकरा वाजता डब्यात जे रामायण होईल ते टीसीलाही आवरणार नाही. म्हणजे खिडक्या कितीही उघडल्या तरी त्या सगळ्यांनी एकाच वहीत बघून बोललं पाहिजे. काम वाटायचं, पण सत्य वाटायचं नाही. सगळी अडचण इथे आहे.

संगणकाच्या आधी रेल्वेने ही अडचण कशी सोडवली होती? वही फाडून! म्हणजे अक्षरशः नव्हे, पण जवळपास तसंच. ठरावीक गाड्यांची, ठरावीक वर्गाची रजिस्टरं ठरावीक खिडकीमागे. तुम्हाला हवी असलेली गाडी ज्या खिडकीवर, त्याच खिडकीच्या रांगेत उभं राहायचं. शेजारच्या खिडकीवरचा बाबू रिकामा बसून चहा पीत असला तरी त्याचा तुम्हाला उपयोग शून्य, कारण तुमची वही त्याच्याकडे नाही. शिवाय गाडीतल्या जागा स्टेशनांमध्ये वाटलेल्या, म्हणजे कोटा. एका स्टेशनचा कोटा संपला तरी दुसऱ्या स्टेशनच्या कोट्यात जागा पडून असू शकत. परतीच्या प्रवासाचं आरक्षण हवं तर तिकडच्या स्टेशनला तार जायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. आमच्या आधीच्या पिढीतल्या ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात मुलांना घेऊन गावी जायचं तर एक रजा प्रवासाची आणि एक रजा रांगेची, असा हिशेब असायचा.

आज आम्ही ज्याला शार्डिंग म्हणतो ते हेच. माहितीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एकेका यंत्राकडे सोपवायचा, मग कुणी कुणाशी बोलायला नको. फायदा असा की गोंधळ होत नाही. तोटा असा की एका तुकड्यावर झुंबड उडते आणि दुसरा माशा मारत बसतो.

१९८५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी दिल्लीत रेल्वेने संगणकी आरक्षणाचा पहिला प्रयोग सुरू केला. त्या प्रणालीचं नाव इम्प्रेस. ती सीएमसी या सरकारी कंपनीने रेल्वेबरोबर घडवली होती. आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडल्यावर त्यांच्या यंत्रांच्या देखभालीचं काम ज्या कंपनीकडे आलं तीच ही सीएमसी. यंत्रं होती डिजिटल या अमेरिकन कंपनीची व्हॅक्स. पुढे १९८६ मध्ये रेल्वेने या सगळ्या कामासाठी क्रिस ही स्वतंत्र संस्था काढली, आणि काही वर्षांतच मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद इथेही अशी केंद्रं झाली.

प्रवाशाच्या दृष्टीने या प्रयोगातली क्रांती एका वाक्यात सांगता येते: कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचं तिकीट. खिडकीमागचं रजिस्टर गेलं आणि त्या जागी एक पडदा आला. वही आत, एका ठिकाणी. बाहेरच्या साऱ्या खिडक्या सारख्या. मग जी रांग लहान दिसेल तिच्यात घुसा. म्हणजे लोड बॅलन्सरचं काम कुणी करायचं? आपणच! नवऱ्याने एका रांगेत, बायकोने दुसऱ्या रांगेत उभं राहायचं, आणि ज्याचा नंबर आधी लागेल त्याच्याकडे दुसऱ्याने धावत जायचं. हे तंत्र आपल्याकडे कुणीही न शिकवता घरोघरी अवगत होतं.

आता जरा परदेशात डोकावू. १९९४ च्या सुमारास अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राच्या वेबसाइटवर इतकी गर्दी होऊ लागली की एक यंत्र पुरेना. हे केंद्र म्हणजे मोझॅक ब्राउझर जिथे जन्मला ते. त्यांनी सारखीच माहिती देणारी अनेक यंत्रं उभी केली आणि नाव विचारायला येणाऱ्याला आळीपाळीने एकेका यंत्राचा पत्ता द्यायला सुरुवात केली. पहिला आला, जा एक नंबरला. दुसरा आला, जा दोन नंबरला. याला राउंड रॉबिन म्हणतात. पत्ते वाटणाऱ्याला मात्र यंत्र जिवंत आहे की मेलंय याचा पत्ताच नसायचा. दोन नंबरचं यंत्र बंद पडलं तरी तो बिनदिक्कत माणसं तिकडेच पाठवणार.

मग शहाणे द्वारपाल आले. १९९८ मध्ये चीनमधल्या वेनसाँग झँग यांनी लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर सुरू केला, २००१ मध्ये फ्रान्सच्या विली तारो यांचा एचएप्रॉक्सी आला. दोन्ही फुकट, आणि दोन्ही आजही वापरात आहेत. हे द्वारपाल दर काही सेकंदांनी प्रत्येक यंत्राला हाक मारतात, "आहेस का रे?" उत्तर आलं नाही तर त्याच्याकडे माणसं पाठवणं थांबवतात.

पण हाकेला ओ दिली म्हणजे काम चालू आहे असं थोडंच? मस्टरवर सही आहे आणि माणूस कँटीनमध्ये आहे, हा प्रकार यंत्रांतही असतो. सर्व्हर 'आहे' म्हणतो, पण त्याचा मागच्या वहीशी संपर्क तुटलेला असतो. त्यातून एक विलक्षण गोष्ट घडते. समजा द्वारपालाचा नियम असा की ज्याच्याकडे सगळ्यात कमी गर्दी त्याच्याकडे पुढचा माणूस पाठवायचा. वरवर अगदी न्याय्य नियम. आता ज्या खिडकीवरचा बाबू फॉर्म न वाचताच "नाही, जागा नाही" म्हणून परत पाठवतो, त्याची रांग सगळ्यात लहान असणार. म्हणजे द्वारपाल जास्तीत जास्त माणसं त्याच्याकडेच धाडणार! दहा यंत्रांतलं एक आजारी यंत्र अशा रीतीने अर्ध्याहून जास्त लोकांना नकार देऊ शकतं, आणि आलेखात तेच सगळ्यात चपळ दिसतं. या धंद्यात पडलेल्या बहुतेकांनी हा अनुभव एकदा तरी घेतलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जेवणाची सुट्टी. आरक्षणाचा बाबू पाटी लावतो तेव्हा समोरच्याचं तिकीट पूर्ण करतो, आणि मागच्यांना सांगतो, "शेजारी जा." आपण चरफडतो, पण त्याचं बरोबर असतं. सर्व्हर दुरुस्तीला काढताना नेमकं हेच करायचं असतं. नवी माणसं पाठवणं थांबवायचं, आतली कामं संपू द्यायची, मग यंत्र बंद करायचं. घाई करून मध्येच बंद केलं तर कुणाचे तरी पैसे गेलेले असतात आणि तिकीट आलेलं नसतं.

तिसरी गोष्ट हिशेबाची. दहा यंत्रं आपापल्या ताकदीच्या ९५ टक्के काम करत आहेत. एक पडलं. उरलेल्या नऊंवर प्रत्येकी १०५ टक्क्यांहून जास्त भार येतो. मग नववं पडतं, आठवं पडतं, आणि पाच मिनिटांत सगळे आडवे. त्यात बाहेरचे लोक पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत असतात, म्हणून भार आणखी वाढतो. यावरून आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. एकच मोठा घेतला आणि तो पडला तर सगळंच गेलं. पण अनेक घेतले तरी काही रिकामे ठेवावे लागतात. रिकामी खिडकी ही उधळपट्टी नव्हे, तो विमा आहे. हे वरच्या साहेबांना पटवणं हा नोकरीतला सगळ्यात अवघड भाग. असो.

परत रेल्वेकडे येऊ. पाच केंद्रं झाली, पण प्रत्येकाची वही वेगळी. मुंबईच्या खिडकीवर बसून मद्रासच्या वहीतली जागा देता येत नव्हती. पाच वह्या एकत्र करून एकच राक्षसी वही करण्याऐवजी क्रिसने दुसरा मार्ग धरला. त्यांच्या कॉन्सर्ट या प्रणालीत वह्या आपापल्या घरीच राहिल्या. मध्ये मार्ग दाखवणारं एक सॉफ्टवेअर आलं, त्याचं नाव रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर. तुम्ही मुंबईत फॉर्म दिलात, गाडी कोणत्या केंद्राची हे बघून मागणी तिकडे जाणार, तिथल्या वहीत नोंद होणार, तिकीट मात्र तुमच्या हातात इथेच छापून येणार. वाटेत यंत्र बंद पडलं तरी तोच बर्थ दोनदा विकला जाऊ नये याची जबाबदारी या मधल्या सॉफ्टवेअरवर. १९९४ मध्ये सिकंदराबादला ही प्रणाली पहिल्यांदा बसली आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. परतीच्या तिकिटासाठी तार करायचे दिवस त्या वर्षी खऱ्या अर्थाने संपले. मला स्वतःला हा आपल्या देशातल्या संगणकाच्या इतिहासातला फार मोठा दिवस वाटतो, पण तो कुणी साजरा करत नाही.

त्याच सुमाराला आपल्या भागाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट घडली होती. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. डोंबिवली, कल्याण, ठाणे इथे राहणाऱ्या हजारो कोकणी घरांना गणपतीला गावी जायला एसटीच्या जोडीला रेल्वे मिळाली. चाकरमानी आणि आरक्षणाची खिडकी यांचं नातं तेव्हापासून घट्ट झालं. रात्रीपासून स्टेशनवर नंबर लावणं, कागदावर नावं लिहून काढणं, पहाटे त्या यादीवरून भांडणं, हे सगळं त्यात आलं.

मग २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीट द्यायला सुरुवात केली. आधी तिकीट कुरियरने घरी यायचं, २००५ पासून ई-तिकीट आलं. म्हणजे आता खिडकी प्रत्येकाच्या घरात. आणि खिडक्या लाखांनी वाढल्या तरी मागची वही तीच! सकाळी आरक्षण उघडायच्या ठोक्याला सारा देश एकाच दारावर धडकायचा. पान फिरत राहायचं, पैसे कापले जायचे, आणि दिलगिरीचा संदेश यायचा. त्या काळात तिकीट काढणं हे कौशल्य मानलं जायचं.

२०१४ च्या एप्रिलमध्ये नवी ई-तिकीट प्रणाली आली. जुनी मिनिटाला २,००० तिकिटं देऊ शकत होती, नवीची क्षमता ७,२०० सांगितली गेली. २०१५ च्या जूनपासून तत्काळची वेळ तोडली, वातानुकूलित वर्ग दहा वाजता आणि बाकीचे अकराला. हेही लोड बॅलन्सिंगच, फक्त यंत्रांऐवजी घड्याळावर केलेलं. २२ मे २०२५ ला एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, तोवरचा उच्चांक. आणि त्याच जूनमध्ये रेल्वेने जाहीर केलं की नवी प्रणाली मिनिटाला दीड लाख तिकिटं देईल.

हे आकडे वाचून माझ्यातल्या इंजिनिअरची छाती फुगते. खोटं कशाला बोला! पण जरा दुसरा हिशेब करून बघा. जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. गाडीला असे दहा डबे धरले तर झाले ७२०. प्रणाली मिनिटाला बत्तीस हजार तिकिटं देऊ शकत असेल, तर ही गाडी भरायला किती वेळ लागेल? दोन सेकंदही नाहीत. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत वेटिंग लागतं ते यामुळे. सर्व्हर पडला म्हणून नव्हे, तर सर्व्हर उत्तम चालला म्हणून!

वीस वर्षं आपण दार रुंद करत होतो. दार रुंद झालं, मग लक्षात आलं की आत खोली तेवढीच आहे. दार अरुंद होतं तेव्हा तिकीट मिळालं नाही की "साइट बंद होती" असं म्हणता यायचं, राग काढायला जागा होती. आता सारं सुरळीत चालतं आणि तरीही तिकीट नसतं.

मग प्रश्न उरतो तो वेगाचा नाही, क्रमाचा. त्या दोन सेकंदांत आत कोण शिरलं? रेल्वेनेच २०२५ मध्ये सांगितलं की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे, म्हणजे बॉटचे असत. अडीच कोटी खाती त्यांनी बंद केली. जुलैपासून तत्काळसाठी आधारची पडताळणी आली आणि पहिली तीस मिनिटं अधिकृत एजंटांना बंदी झाली. द्वारपालाचं काम बदललं ते असं. पूर्वी त्याने फक्त 'कुठली खिडकी रिकामी आहे' एवढं बघायचं. आता त्याने 'आलेला माणूसच आहे ना, आणि खरा आहे ना' हेही बघायचं.

तुम्ही म्हणाल, मग जुनी रांगच बरी होती. मला तसं मुळीच वाटत नाही. रात्रभर रांगेत कोण उभं राहू शकायचं? ज्याला रात्रपाळी नाही तो, ज्याच्या घरात तान्हं मूल नाही ती, ज्याचे गुडघे धड आहेत तो. पैसे घेऊन रांगेत उभे राहणारे तेव्हाही होतेच. आणि स्टेशनपासून लांब, खेड्यात राहणाऱ्याला तर रांगही नशिबात नव्हती. जुन्या रांगेतली एकच गोष्ट मला चांगली वाटते. ज्याला तिकीट मिळालं नाही तो माणूस दिसायचा. खिडकी बंद झाल्यावर फॉर्म हातात धरून उभी असलेली बाई बाबूलाही दिसायची, स्टेशनमास्तरलाही. तिचं काही भलं व्हायचं असं नाही, पण ती आहे हे सगळ्यांना माहीत असायचं.

आमच्या आलेखांत ती दिसत नाही. यंत्र पडलं की लाल दिवा लागतो, रात्री दोन वाजता फोन येतो, सगळे धावतात. पण जिला फोनवर ते जमलंच नाही, जिचा ओटीपी वेळेत आला नाही, जी दोन सेकंदांत पोचू शकली नाही, तिची नोंद कुठेच नसते. द्वारपालाच्या हिशेबात तिची मागणी पोचली, तिला 'जागा नाही' हे उत्तर वेळेत गेलं, म्हणजे काम चोख झालं. मघाच्या त्या पटापट नकार देणाऱ्या बाबूसारखंच.

त्यामुळे हल्ली मी नव्या मुलांना काम शिकवताना दोन प्रश्न विचारायला सांगतो. एक, किती जणांना उत्तर दिलं. हे सगळेच मोजतात. दुसरा, उत्तर 'नाही' असं किती जणांना दिलं, आणि तेच ते लोक रोज रोज आहेत का. दुसरा आकडा काढायला अवघड असतो आणि बघायला त्याहून अवघड. पण सर्व्हर सांभाळणं म्हणजे नुसती यंत्रं सांभाळणं नसेल, तर तो काढायला हवा.

यंदा तुमच्या घरी गणपतीची तिकिटं कुणी काढली, खिडकीवर की फोनवर, आणि मिळाली का? नक्की सांगा. विशेषतः ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी.